बारा मिनिटांची कॅसेट

माझ्या थोरल्या भावाला, दादाला, घरात सगळे कासव म्हणतात. चहा प्यायला बसला की कप गार होतो, तरी ह्याचा शेवटचा घोट उरलेलाच. ह्या संथपणावर चिडचिड करण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. पण कामात तो संथपणाच सोन्यासारखा होता, आणि ते आमच्या शेठला कधी कळलं नाही. मेल्याला अजून कळलेलं नाही.

आमचं दुकान जुन्या व्हिडिओ कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून देतं. दादा आत मशीनवर, मी काउंटरवर. कॅसेट चालवली की आधी भलीमोठी फाइल बनते. मग ती दाबून मोबाइलवर मावेल एवढी करायची. कॉम्प्युटरमधल्या ग्राफिक्स कार्डाकडून दाबून घेतली तर दोन मिनिटांत उरकते, पण कार्डाला घाई फार. जिथे हालचाल जास्त तिथे चित्र सरळ फासून मोकळं होतं. कार्डाशिवाय नुसतं सॉफ्टवेअर लावलं तर ते तेवढ्याच आकारात चित्र नीट बसवतं, मात्र तीन-तीन तास घेतं. शेठने कार्ड नवंकोरं आणलेलं, त्यामुळे सॉफ्टवेअर म्हणजे त्यांच्या लेखी कामचुकारपणा.

त्या दिवशी एक शिक्षिका बुरशी चढलेली कॅसेट घेऊन आली. म्हणाली, "आई माझ्याशी बोलतेय यात. मी पाच वर्षांची होते. पुढच्याच महिन्यात ती गेली."

दादाने दोन दिवस बसून फितीवरची बुरशी पुसली. ती एकदाच चालली आणि शेवटी तिचे तुकडे झाले, पण बारा मिनिटं पूर्ण उतरली. दादा बाहेर येऊन मला म्हणाला, "हिच्या आईला ऐकू येत नसणार गं. ती हातांनी बोलते. हे कार्डावर द्यायचं नाही." सॉफ्टवेअर लावून तो जेवायला गेला.

तेवढ्यात शेठ टपकले. "बारा मिनिटांना तीन तास? कार्ड काय शोभेला आणलंय?"

"अहो, थांबा, दादाला येऊ द्या!" मी ओरडले.

"तू गिऱ्हाईक बघ." त्यांनी चालू काम बंद केलं, कार्डावर उरकलं आणि डिस्क भरते म्हणून मोठी फाइल पुसून टाकली. दुकानाचा नियमच तो, दाबलं की पुसलं. वर त्याच जागेवर एका लग्नाचं शूटिंग ओतलं.

दादा परतला, पडद्यासमोर उभा राहिला. मला शेठइतकाच त्याचाही संताप आला. "बोल की रे काहीतरी! तोंडात काय मिठाची गुळणी धरलीयेस?"

"बोलून फाइल येणारे का?" एवढंच म्हणाला. पुसलेलं परत मिळवायला दोन दिवस झटला. काही हाती लागलं नाही.

बाई आली. शेठने पुढे होऊन फाइल लावली, "बघा, चेहरा कसा लख्ख आलाय!"

"चेहऱ्याचं काय करू? माझी आई हातांनी बोलायची. ती भाषा मी विसरले होते, यासाठी वर्ग लावून परत शिकले."

आईचे हात हलले की पडद्यावर नुसता लगदा. बोटं कुठली, तळवा कुठला, काही कळेना. मध्येच आईने दोन बोटं गालावर टेकवली आणि क्षणभर तशीच धरली. हात थांबले तसं चित्र स्वच्छ झालं.

बाई ताडकन उठली. "हे माझं नाव! गालाला खळी पडायची, म्हणून तिने ठेवलेलं."

हात हलले. पुन्हा लगदा.

मला वाटलं, ते कार्ड उपटून शेठच्याच टाळक्यात हाणावं. दादाचा चेहरा लालबुंद झाला होता. "तीन तास मागितले होते, शेठ," तो म्हणाला, आणि जन्मात पहिल्यांदा त्याचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. "फक्त तीन तास!"

बाईचं कोणाकडेच लक्ष नव्हतं. तिने शेवटपर्यंत पाहिलं, बोटांवर काहीतरी मोजत.

"नऊ वेळा हाक मारलीय तिने मला," ती म्हणाली. "कशासाठी, ते कळत नाही."