उशाशी बोरी अरब

नोकरीभर मी सरकारी कचेरीत आरेखक होतो. म्हणजे साहेबांनी ठरवायचं आणि मी कागदावर उतरवायचं. कालवे, पूल, बंधारे, सगळं लोकांचं. रिटायर झाल्यावर ठरवलं, आता एक तरी गोष्ट आपल्या मर्जीची आखायची. कोणी बाग आखतं, कोणी बंगला. मी आमची छोटी लाईन आखायला घेतली.

छोटी लाईन म्हणजे यवतमाळहून दारव्ह्याकडे जाणारी, अरुंद रुळांची आमची गाडी. ती बंद पडून बरीच वर्षं झाली. रुळांवर आता गवत आहे आणि शेळ्या आहेत. पण माझं लग्न त्या गाडीनं जमलेलं. बोरी अरबला मुलगी पाहायला आम्ही त्या गाडीतूनच गेलो होतो, आणि गाडी इतकी उशिरा पोचली की पोहे दोनदा करावे लागले. बायको अजून म्हणते, पहिले पोहे चांगले झाले होते.

खेळातल्या रेल्वेचे रूळ आखायचं सॉफ्टवेअर असतं, हे मला आमच्या मुलीनं फोनवर सांगितलं आणि तिकडूनच माझ्या लॅपटॉपवर उतरवूनही दिलं. त्यात आधी आपली खोली काढायची. भिंती, दार, खिडक्या. मग रुळांचे तुकडे ओढून आणायचे, सांधे जुळवायचे. वळण फार आवळलं की ते लाल होतं, म्हणजे इथे गाडी घसरणार. आमचे साहेबही असेच लाल व्हायचे, पण का ते सांगत नसत. हे बिचारं सांगतं तरी. झाडंही मिळतात त्यात, पण सगळी बर्फाच्या देशातली, टोकदार. कडुनिंब नाही, बाभूळ नाही. नाइलाजानं मी बोरी अरबच्या फलाटावर देवदार लावले.

भिंतीलगत फळी ठोकून तिच्यावर खरोखर गाडी चालवायला जागा निवडली ती मागच्या खोलीची. लांबट खोली, दोन खिडक्या, वापर वर्षातून दोनदा. आधी चित्रात तिच्यातला पलंगही काढला होता, पण मग वळण बसेना, म्हणून पुसून टाकला. बायको म्हणाली, "अन् पाहुणे आले तं?" मी म्हणालो, "गाडीत बसवू."

आणि मग सासूबाई आल्या. सासरे गेल्यापासून त्या बोरी अरबला एकट्याच राहायच्या. एका सकाळी न्हाणीत पाय घसरून पडल्या आणि दुपारी शेजारीण ताक मागायला आली तोवर तिथेच पडून होत्या. हाड मोडलं नाही, नशीब. बायकोनं कोणाला विचारलं नाही. गाडी केली, आईला घातलं गाडीत आणि मागच्या खोलीत आणून निजवलं. माझा बेत बारगळला, आणि खरं सांगतो, त्याचं मला काडीचं वाईट वाटलं नाही. माझी आई लहानपणीच गेली. जिला 'आई' म्हणावं असं कोणीतरी घरात आलं, एवढंच मला कळत होतं. गाडी काय, संगणकातच धावेल.

पण त्या येऊनही आल्या नव्हत्या. आमच्याकडे जुन्या बाया लेकीच्या घरचं पाणीही जड मानतात. सासूबाईंनी येताना स्वतःच्या शेतातली तुरीची डाळ आणली, ज्वारी आणली, आणि मीठसुद्धा. फुकट खायचं नाही. मी घरात शिरलो की त्या डोक्यावर पदर ओढून उभ्या राहत, जसा काही मी कलेक्टर. माझ्यासमोर कधी खुर्चीवर बसल्या नाहीत. मला 'जावईबापू, तुम्ही', आणि त्या खोलीला कायम 'पाहुण्याईची खोली'. दुखणं बरं होत चाललं तशी मला भीती वाटायला लागली, की एक दिवस ह्या निघतील, आणि पुन्हा त्या न्हाणीत पडल्या तर कोणी ताक मागायला येईलच असं नाही.

हिवाळ्यातली सकाळ होती. दारव्ह्याचे सांधे जुळत नव्हते आणि मी लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसलो होतो. सासूबाई चहा घेऊन आल्या आणि पहिल्यांदाच मागे थांबल्या. मी कौतुकानं सगळं दाखवलं. हे यवतमाळ, हे बोरी अरब.

"बोरीले हे काय उभं केलं?" देवदाराकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं.

"झाडं हायेत आई. कडुनिंब समजा."

त्या किंचित हसल्या. मग मी चित्र फिरवलं, आणि भिंती, दार, दोन खिडक्या दिसायला लागल्या. त्या वाकून पाहत राहिल्या. "हे तं पाहुण्याईची खोली हाय. अन् पलंग?"

माझं अर्धं लक्ष सांध्यात. तोंडातून निघून गेलं, "काढून टाकला ना आई. पलंग असला की गाडीच वळत नाही."

"बराबर हाय," त्या म्हणाल्या, आणि रिकामा कप घेऊन गेल्या.

आरेखकाचा हा जन्मजात रोग आहे. त्याला विचारा घराबद्दल, तो बोलतो नकाशाबद्दल.

दुपारी बायको तरातरा आली. "काय बोलले तुम्ही आईले? ते म्हणते, तुरीत रोही शिरून राह्यले, मी उद्या सकाळच्या एसटीनं बोरीले जातो. शेत तं दुसऱ्याले मक्त्यानं दिलेलं हाय. रोह्याची फिकीर तिले कायले पाहिजे?"

रोही म्हणजे नीलगायी, त्या नुसतं निमित्त होत्या. पलंग, खोली, वळण, सगळं एका क्षणात डोक्यात जुळलं. बायकोला सांगितलं तेव्हा तिनं कपाळाला हात लावला. "आता माफी मागायले जाऊ नका," ती म्हणाली. "जावयानं हात जोडले तं ते आजच निघन."

खरंच होतं ते. जावयाला वाकायला लावलं, ह्या शरमेनं त्या चपलाही न घालता निघाल्या असत्या. तेव्हा बोलण्यापेक्षा मला जे येतं तेच करायचं ठरवलं. पट्टी घेऊन मागच्या खोलीत गेलो. त्या पिशवी भरत होत्या. मी पलंग मोजला, लॅपटॉप तिथल्याच टेबलावर ठेवला, आणि चित्रातल्या खोलीत पलंग जिथल्या तिथे काढला. पलंग आला आणि अर्धी लाईन लालभडक झाली.

"आई, जरा पाहा बरं. अडलं माहं."

"कायले तरास घेता, जावईबापू? मी तं चालली. खोली मोकयीच हाय."

"खोली मोकळी नाही. पलंग नाही हलत, आई. हलवायची तं गाडी हलवू." "तुम्ही यायच्या आधीचा नकाशा होता तो. नाही बसली तं नाही बसली गाडी. गाडीबिगर चालते मले."

मी रूळ पुसायला लागलो. यवतमाळचं यार्ड छोटं केलं. तरी लाल. मग दारव्हा पुसायला घेतलं.

"आता दारव्हा काहून काढता?" त्या पुढे आल्या. दारव्हा त्यांचं माहेर.

"जागा नाही ना."

"दारव्ह्याबिगर गाडी जाईन कुठी? जंगलात?" त्यांनी टेबलापुढची खुर्ची ओढली आणि बसल्या. मी पडद्याकडेच पाहत राहिलो. नजर वळवली असती तर त्या उठल्या असत्या. "आधी परत लावा ते. मंग पाहू."

दारव्हा परत लावलं. पुन्हा लाल.

त्यांनी चित्राकडे पाहिलं, खोलीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "पलंगच इकडल्या भितीले घ्या ना. तिथं रोज सकाळी ऊन डोयावर येते माह्या. पयल्या दिवसापासून येते."

"अन् सांगितलं नाही?"

"पाहुण्यानं काय सांगाव, इकडं सरकवा अन् तिकडं सरकवा?"

एवढे महिने त्या डोळ्यांवर हात धरून उठत होत्या, आणि आम्ही त्यांना विचारलं नव्हतं.

चित्रातला पलंग उचलून आतल्या भिंतीला लावला. लाईन मोकळी झाली. खिडक्यांखालून निघालेली रुळांची फळी कोपऱ्यात सैल वळण घेऊन पलंगाच्या उशामागून जाणार होती. सगळं लाल निघून गेलं. दारव्हा राहिलं, आणि बोरी अरबचं स्टेशन मोजूनमापून नेमकं त्यांच्या उशाशी आलं. मी चित्रातली गाडी चालू केली. ती हळूहळू त्या उशाजवळ आली आणि थांबली.

दारात बायको उभी होती. ती पदरानं डोळे पुसत होती आणि मला खुणेनं गप्प बसायला सांगत होती.

सासूबाईंनी गाडी दोनदा पाहिली. मग उठल्या, पिशवीतलं लुगडं काढून खुंटीला अडकवलं, आणि जाता जाता माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"बाबू, सुताराले बोलावशीन तं मी घरी असताना बोलाव. माह्या खोलीत माह्यामागं ठोकठाक नाही पाहिजे."

एरवी मी कोणाला उत्तर दिल्याशिवाय सोडत नाही. तेव्हा फक्त "हो आई" म्हणालो, आणि पट्टी उचलून आतली भिंत मोजायला घेतली.