चाचींनी नाव घेतलं

“गुरुजी, ह्याला जरा हाक मारा की!”

येरमाळ्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या चाचींचं हे रोजचं वाक्य. नातू समोरच खेळत असायचा, पण त्या स्वतः हाक मारायच्या नाहीत. टाळी वाजवायच्या, नाहीतर मला कामाला लावायच्या. तुमच्याही गल्लीत अशी एखादी म्हातारी असेल, नवऱ्याचं नाव जन्मात न घेतलेली. चाचींचे मालक नातू जन्मायच्या आधीच गेले आणि मुलानं त्यांचंच नाव बाळाला ठेवलं. झाली पंचाईत!

नाव इस्माईल.

“घेतलं तर काय होतंय?” मी चिडवायचो.

“जीभ झडंल,” त्या हसायच्या. “पर अर्थ सांगते. अल्ला ऐकतो. वाळवंटात माय एकली, लेकरू तहानेनं रडाया लागलं, अन् वरच्यानं ऐकलं. त्या लेकराचं नाव हाय ते.”

पुढे मी वाचलं, नाव मूळचं हिब्रू, यिश्माएल. यहुदी, ख्रिस्ती, मुसलमान, तिघांच्याही ग्रंथांत आहे. हजारो वर्षांचं हे नाव आमच्या गल्लीत गोट्या खेळतंय, याचं मला फार नवल वाटायचं.

चाची बांगड्या विकायच्या. येडेश्वरीच्या यात्रेत त्यांचं दुकान ठरलेलं. एका वर्षी गिऱ्हाइकाच्या हातात बांगड्या भरत असताना नातू गर्दीत हरवला. हरवलेल्यांची नावं पुकारायला माईकवर मीच होतो. नाव पुकारून पुकारून माझा घसा बसला, पण पोरगं येईना.

“सुनंला काय त्वांड दाखवू?” चाचींचा चेहरा पांढराफटक पडला होता. मग एकाएकी त्यांनी पदर पुढे ओढला, माझ्या हातातला माईक घेतला आणि डोळे मिटले.

“इस्माईल!”

अख्ख्या यात्रेवरून ती हाक गेली. एखादं नाव असंही घेता येतं, हे मला ठाऊक नव्हतं.

रसाच्या गाड्याखालून पोरगं रडत आलं. गुरुजींनी माईकवर नाव घेतलं म्हणजे छडी बसणार, म्हणून दडून बसलं होतं! चाचींनी त्याला पोटाशी धरलं आणि पुटपुटल्या, “मालकांची माफी मागाया पायजे.”

दुसऱ्या दिवसापासून पुन्हा टाळ्या सुरू झाल्या.

गेल्या उन्हाळ्यात चाची गेल्या. नातू आता धाराशिवला कॉलेजात आहे. तो सांगत होता, शेवटच्या दुपारी त्यांनी स्पष्ट हाक मारली, “इस्माईल!” हा धावत गेला, “जी, दादी” म्हणाला. पण त्या याच्याकडे बघतच नव्हत्या. दाराकडे बघत होत्या, आणि नव्या नवरीसारख्या लाजून हसत होत्या.