मिस्त्रींचा ए मायनर

"एकेक तार सुटी ऐकू आली पाह्यजे, साहेब," असं म्हणत आमचे मिस्त्री हाताचं ऑइल चिंधीला पुसायचे आणि मगच गिटार उचलायचे. पन्नाशी उलटलेला माणूस, मुठा गावचा, उरवड्याच्या आमच्या कारखान्यात ड्रिल मशीनवर. मी लातूरकडून आलेला, तिथेच ऑफिसात. कॉलेजात चार दिवस गिटार खाजवली होती, तेवढ्या भांडवलावर त्यांनी मला गुरू केलं.

गिटार त्यांच्या मुलीची होती. बारावीनंतर तिने हट्टाने घ्यायला लावली. क्लास पिरंगुटला. "पोरीच्या जातीनं येस्टीनं जाऊन तारा छेडायच्या व्हय?" असं म्हणून मिस्त्रींनीच ती माळ्यावर टाकली आणि दोन वर्षांत मुलीचं लग्न लावून दिलं. हे मला त्यांनी स्वतःच सांगितलं, जेवणाच्या सुट्टीत, भाकरी मोडता मोडता. अशी कबुली देणारे बाप तुम्ही किती पाहिलेत? मी हा एकच पाहिला.

त्यांना फक्त ए मायनर कॉर्डचा आर्पेजिओ शिकायचा होता, म्हणजे कॉर्डचे तीन सूर एकदम न झणकारता एकामागून एक सुटे वाजवायचे. हसऱ्या मेजर कॉर्डपेक्षा उदास मायनरचा मधला सूर गिटारवर एक पडदा खाली, एवढाच फरक, असं मी सांगितलं तेव्हा ते हसले. "म्हंजी सूतभर सरकलं की मानूस रडाया लागतंय."

दुसऱ्या दिवशी पाहतो तर गिटारच्या मानेवर, लोखंडावर आखायच्या सुईने खोल खुणा कोरलेल्या. मी कपाळाला हात लावला.

"आखल्याबिगर भोक पाडायचं न्हाई, साहेब."

त्या ओरखड्यांवर बोटं सोलून घेत त्यांनी आठ महिने काढले. सुरुवातीला ऐकवत नव्हतं. नंतर कॅन्टीनवाला भांडी घासायची थांबवून ऐकू लागला. मी म्हटलं, आता एखादं मेजर शिका.

"नगं. पोरीला सांगायचंय त्ये ह्येच्यातच बसतंय."

कारखान्याच्या वर्धापनदिनाला त्यांनी नाव दिलं आणि मुलीला बोलावलं. जावई मोटरसायकलवर घेऊन येणार आणि दिवस मावळायच्या आत परत नेणार, या अटीवर ती येणार होती. मिस्त्रींनी हे मला तीनदा बजावलं. कार्यक्रमाची यादी माझ्याकडे होती. मी त्यांना पाच वाजता, सर्वांत आधी ठेवलं.

आता आपल्याकडचे सत्कार तुम्हाला काय सांगायचे! एकाला शाल घातली की दुसऱ्याचं तोंड वाकडं. सरपंच, माजी सरपंच, जमीन दिलेले, जमीन देतो म्हणून फिरलेले, सगळ्यांना शाल-श्रीफळ, आणि प्रत्येकाचे 'दोन शब्द'. मोठे साहेब माझ्या कानात म्हणाले, "ते गिटारवाले मागे घ्या, पाहुणे खोळंबलेत." मला सगळं ठाऊक होतं. तरी मी "हो सर" म्हणालो आणि मिस्त्रींचं नाव यादीत तळाला नेलं.

साडेसातला नाव पुकारलं, तेव्हा मिस्त्री गेटपाशी गिटार घेऊन उभे होते. मोटरसायकल केव्हाच गेली होती.

"चला मिस्त्री, तुमची वेळ झाली."

"ऱ्हाऊ द्या साहेब. आता कुनासाठी?"

मला ते एका शब्दाने बोलले नाहीत. दोन शिव्या हासडल्या असत्या तर मी सुटलो असतो. गिटार पुन्हा कधी कारखान्यात आली नाही, आणि पुढच्या पावसाळ्यात छातीत कळ येऊन ते गेले.

महिन्याभराने मुलगी त्यांच्या कागदांवर सह्या करायला आली. सह्या झाल्या तरी उठेना.

"साहेब, आबांना खरंच वाजवाया येत हुतं का? घरी आमचे मालक म्हनत्यात, येतच नव्हतं, म्हनून भाईर उभं ऱ्हायले."

"येत होतं. फार छान वाजवायचे."

"मग का न्हाई वाजवलं?"

"कार्यक्रमाला उशीर झाला," मी फाईल बांधत म्हणालो.

ती पदराने डोळे पुसत म्हणाली, "चूक माजीच. भांडून थांबाया पायजे हुतं मी."

मी तिला तसंच समजू दिलं.