थोरलीच्या कोपीतली आंबील

येळवसेला निलंग्याकडची गावं ओस पडतात. कुत्रंसुद्धा मागं राहत न्हाई, तेबी शेतात. मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला रानात कडब्याची कोप उभी करायची, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, शेंगा-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे नि ताकातल्या आंबिलीचा निवद दाखवायचा, आणि बांधावरून जाईल त्या माणसाला हाका मारमारून जेवू घालायचं. आवतणं नसतं. माणसं या कोपीतून त्या कोपीत खात फिरतात, आणि कुणाच्या कोपीत काय चांगलं झालतं याची चर्चा पार होळीपातूर चालते.

ह्या चर्चेनंच शिवकन्याचं रगत आटवलं होतं.

शिवकन्या मुखेडकडची. तिची माय नागम्मा देगलूरच्या पल्याडची, अर्धं मराठी अर्धं तेलगू बोलणारी, हाताला चव असलेली बाई. लेक निलंग्याकडं धाकली सून होऊन आली. थोरली जाऊ उज्वला, तिला समदे अक्का म्हणत. अक्का गोरी, अक्काचा गळा गोड, अक्काच्या भाकरीला पापुद्रा, अक्काची रांगोळी म्हंजे छापल्यावानी. शिवकन्यानं लगीन झाल्यापासून एकच काम नेमानं केलं : अक्काकडं बगायचं आणि आपल्याला उणं धरायचं. लेकराचे मार्क आले की आधी इचारणार, अक्काच्या पोराला किती? लुगडं घेतलं की अक्काच्या लुगड्याशेजारी धरून बगणार. तिचा नवरा शिवमूर्ती म्हणायचा, "आगं, तुज्या डोळ्याला अक्काशिवाय काही दिसतंय का न्हाई?"

भाऊ वेगळे झाले, रान वाटलं गेलं, बांधाला बांध लागून दोन कोप्या झाल्या. तवापासून तर येळवस म्हंजे तिची परीक्षाच. ती भज्जी वाढता वाढता मान लांब करून पलीकडं बगायची, तिकडं माणसं किती बसली, उठताना कोण तोंड पुसत हसलं. अक्का करती तशी आंबील करायची म्हणून तिनं काय न्हाई केलं? लसूण वाढवला, कमी केला, ताक आंबट घेतलं, गोड घेतलं. दर साली कुणीतरी म्हणायचंच, "बरी झालीया, पण थोरलीची सर न्हाई."

यंदा सासूनं, कावेरीबाईनं, तोंडावरच काढलं. "शिवकन्या, पुढल्या सालापासून आंबील एकट्या उज्वलालाच करू दे. दोन कोप्यांला एकच. लोकायची जीभबी राहील, तुजा जीवबी राहील."

शिवकन्यानं ऐकून घेतलं. "ही येळवस होऊ द्या, आत्याबाई. सांजच्याला सांगते," म्हणाली. मनात हो म्हणून मोकळी झाली होती. आणि शेवटचीच तर करायची म्हणून तिनं अक्काची नक्कल टाकून दिली. नागम्मा करायची तशी केली. निखाऱ्यावर हिंग टाकून त्यावर मडकं पालथं घातलं, आतून धुरी दिली, आणि मग त्यात ज्वारीचं पीठ नि ताक कालवलं. तोंडाला आपल्या जुन्या पोपटी लुगड्याचा तुकडा बांधला.

त्या घरची एक रीत होती. भाऊ वेगळे झाले तरी दोघांची आंबिलीची मडकी आधी सासूच्या देवघराम्होरं ठेवायची. हळद-कुकू झालं की दोघं भाऊ घोंगडं पांघरून, मडकं डोक्यावर घेऊन रानाकडं निघायचे, वाटंनं कुणासंग बोलायचं न्हाई. मडकी एकाच कुंभाराची, एकसारखी चुन्यानं पोतारलेली. थोरला रामलिंग नि शिवमूर्ती उठले, घोंगडी डोक्यावर घेतली, उचलली मडकी आन निघाले.

बाया मागून टोपली घेऊन पोचल्या तवर भावांनी मडक्याचं तोंड सोडून आपापल्या रानात आंबील शिंपडलीबी होती. शिवकन्यानं पदर खोचला, वगराळं बुडवलं, आणि आधी स्वतः घोटभर घेऊन बगितली.

तिचं तोंड उतरलं.

"फसली," ती नवऱ्याला म्हणाली. "लसणाचा नुसता भपका येऊन राहिला. आन धुरी तर लागलीच न्हाई वो! मायसारखी म्हणून केली, मायचीबी न्हाई झाली."

"मला तर बरी लागती," शिवमूर्ती म्हणाला.

"तुमाला काय, पेंड घातली तरी बरीच लागती."

तेवढ्यात अर्जुनराव तात्या आले. गावात कुणाची भज्जी, कुणाचा उंडा, कुणाची आंबील, निकाल ह्यांचा. तात्यांनी पेला तोंडाला लावला, डोळे मिटले, मिशी पुसली.

"बरी हाय, पोरी. चांगली हाय. पण कसंय, थोरलीच्या हाताला जे हाय ना…"

"हाव तात्या," शिवकन्या म्हणाली. तिला रागबी आला न्हाई. खरंच तर होतं.

गर्दी सरल्यावर रीतीपरमाणं ती अक्काच्या कोपीत गेली. तिथं दहा-बारा माणसं मांडी ठोकून बसलेली, तात्या मधोमध, कडंला सासू. भज्जी संपत आली होती आणि आंबिलीचे पेल्यावर पेले चालले होते.

"ये ये, धाकले!" तात्या वरडले. "ह्याला म्हणत्यात आंबील! घे, पिऊन बग. नुसतं रांधून न्हाई होत, बाई, जरा थोरलीजवळ बसून शिक."

रामलिंगनं पेला दिला. तिनं तो तोंडाजवळ नेला आणि तिचा हात जागीच थांबला.

हिंगाची धुरी.

नागम्माच्या चुलीवरची, परकरी पोर असताना अंगाला चिकटायची ती. शिवकन्यानं घोट घेतला. ताकाचा आंबटपणा, मागून लसूण, आणि शेवटाला धूर. तिनं मडक्याकडं बगितलं. मडक्याच्या बुडाशी, हात पुसून पुसून चोळामोळा झालेला, पोपटी लुगड्याचा तुकडा पडला होता.

मडकी बदलली होती. भावांनी घोंगड्याखाली डोकी घालून एकमेकाची उचलली होती. माणसं हिथं मिटक्या मारून पीत होती ती तिची आंबील होती.

पण तिला खरा दणका बसला तो ह्या गोष्टीनं न्हाई. गाव नावाला भुलतं, हे ती जाणून होती. दणका बसला तो दुसऱ्याच गोष्टीनं. सकाळी आपल्या कोपीत जिला "फसली" म्हणाली, नाक मुरडलं, ती अक्काची होती. जिच्यासाठी इतकी वरसं झुरली ती आंबील तिच्या तोंडात होती, आणि निव्वळ आपल्या मडक्यातली समजून तिनं तिला नावं ठेवली. तात्याची जीभ खोटी निघाली तर निघो. तिची स्वतःची जीभ! लगीन झाल्यापासून तिनं काय काय चाखलं, काय काय बगितलं, त्यातलं खरं किती आणि खोटं किती? लेकराचे मार्क, लुगडं, गळा, भाकरी. शिवकन्या मटकन खाली बसली.

"काय झालं गं?" कुणीतरी इचारलं.

"तात्या," ती म्हणाली. "ही माझी हाय."

"काय तुजी?"

"आंबील. ही माझी. मडकी बदलली. तुमी सकाळी माझ्याकडं पेली ती अक्काची."

मग तात्या खदखदून हसले. "ऐका! धाकली इनोद करून राहिली."

शिवकन्यानं पोपटी तुकडा उचलून दाखवला. "माझ्या लुगड्याचा. मडक्याला मीच बांधला होता." सगळ्यांनी मग उज्वलाकडं बगितलं. उज्वलाचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिला पहिल्याच घोटाला कळलं होतं, हे शिवकन्याला आत्ता दिसलं. सकाळपासून ती दुसऱ्याचं कवतिक मुकाट घेत बसली होती.

"तिचं खरंय, तात्या," उज्वला हळूच म्हणाली. "मी धुरी देतच न्हाई. मला येतच न्हाई ती."

आता तरी? शिवकन्या तात्यांच्या तोंडाकडं बगत होती.

तात्यांनी मान डोलवली. डोळ्यात पाणी येतंय का काय असं त्यांचं तोंड झालं. "बगितलं का रं?" ते बाकीच्यांना म्हणाले. "ह्याला म्हणत्यात मन! धाकल्या जावंला मोठेपणा मिळावा म्हणून थोरली आपल्या हातचं तिच्या नावावर करून राहिली. अशी सून मिळायला नशीब लागतं, कावेरीबाई!"

"हाव वो," दोघं-तिघं म्हणाले. आणि पेले पुन्हा मडक्याकडं सरकले.

शिवकन्यानं हातातला तुकडा खाली ठेवला. खरं सांगून झालं, खूण दाखवून झाली, अक्कानं साक्ष दिली, तरी पारडं तसूभर हाललं न्हाई. आणि मग तिला हसू आलं. आधी नाकातून, मग पोटातून, डोळे पुसायची पाळी येईपातूर. असल्या तराजूत ती आजवर जीव घालून बसली होती!

उज्वला तिच्याजवळ सरकली. "शिवकन्या, मी आधीच बोलाया पायजे होतं. चुकलं माजं."

"अक्का, तुमी बोलून काय उजेड पडला, बगितलं न्हाई का?" शिवकन्या म्हणाली, तशी उज्वलाबी पदर तोंडाला लावून हसली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "धुरी कशी देत्यात, दावशील?"

"दावीन की. पण तुमी तुमचीच करा. सकाळी मी ती नीट पेलेच न्हाई. जाऊन पेते."

दिस कलला. कोप्यांम्होरची माणसं उठली. कावेरीबाई काठी टेकत धाकल्या कोपीत आली तवा सून बांधावर बसून पेला भरून आंबील पीत होती.

"मग? ठरलं का? पुढल्या सालापासून उज्वलाच करंल ना?"

"न्हाई, आत्याबाई. माझी मी करणार."

"आगं, एवढं हसं झालं तरी? तात्या म्हणत्यात…"

"तात्यांला अक्काची द्या."

"आन तुजी? तुजी कुणी न्हाई पेली तर?"

शिवकन्यानं पेला रिकामा केला, वगराळ्यानं पुन्हा भरला.

"तर घरी नेऊन आमी पिऊ," ती म्हणाली. "बसा. अक्काची लई बेस झालीया यंदा. घोटभर घ्या."