एका कोटाचं बाटणं

हिंगोली जिल्ह्यातील तमाम नागरिकांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, एक कोट बाटला आहे. रंग निळा. आत रेशमी अस्तर, बटणं सोनेरी. एका लग्नात वापरलेला. बाटवणारा इसम पंचेचाळिशीचा, धंद्यानं सॉफ्टवेअर टेस्टर, सध्या बेकार. संबंधितांनी कोटाला हात लावण्यापूर्वी आपल्या जबाबदारीवर लावावा.

तो इसम मी.

माझ्या डोळ्यांसमोर कॅमेऱ्यामागच्या पोरानं कोट दोन बोटांनी उचलला. साडीच्या दुकानाच्या पिशवीत सोडला. पिशवीला गाठ मारली. वरून आणखी एक मारली. मग हात पँटला पुसले. कोटात माझ्या अंगाची ऊब अजून होती. मी चार हात लांब उभा होतो, आणि ओठांवर हसू तसंच राहिलं होतं. मघाचं, व्हिडिओसाठी आणलेलं.

पण एकदम पिशवीपाशी नेलं तर मजा काय राहिली? आधीपासून सांगतो.

सतरा-अठरा वर्षं मी पुण्यात होतो. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या, एवढंच काम. तुमचं बँकेचं अॅप मध्येच अडकत नसेल तर त्यात माझा हात आहे. अडकत असेल तर त्या दिवशी मी रजेवर होतो. एका सकाळी कंपनीनं व्हिडिओ कॉलवर बोलावलं. एका बाईंनी माझ्या योगदानाबद्दल आभार मानले. मी 'आवाज तुटतोय मॅडम' म्हणेपर्यंत लॅपटॉपच बंद पडला. त्यांनी तिकडूनच बंद केला होता.

पुण्याचं भाडं झेपेना. आखाडा बाळापूरच्या पुढं आमचं गाव. गावाच्या टोकाला निळी कमान, तिच्यामागं आमची वस्ती. तिथं दोन खोल्यांत बायको आणि मी परत आलो. रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ. सकाळी बाया पाणी भरायला येत आणि मी अर्ज भरायला.

"काय ओ भाऊजी, आज कोन्या कंपनीनं न्हाई म्हनलं?" एकीनं विचारलं.

"दोघींनी म्हनलं," मी म्हणालो. "एकीनं तं इंग्रजीत म्हनलं. लई गोड."

हसायच्या सगळ्या. मीही हसायचो. माझा स्वभावच तसा. घरात गेलो की बायको हसत नव्हती. ती म्हणायची, "गॅप वाढून राहिला म्हनता रोज. उद्या कोनी इचारनार बी न्हाई." तिचं बराबर होतं. आमच्या धंद्यात रिकामा गेलेला प्रत्येक महिना बायोडाटात गळवासारखा दिसतो. एका मुलाखतीत माझ्या भाच्याच्या वयाचा पोरगा म्हणाला, "सर, आमची टीम खूप यंग आहे." मी म्हणालो, मीही होतो. त्यानं 'कळवतो' म्हटलं. अजून कळवतोय.

अशात हिंगोलीत, एसटी डेपोच्या मागं, एका कॉम्प्युटर इन्स्टिट्यूटवर बोर्ड लागला. पुण्याची एक कंपनी घरून काम करणारे टेस्टर घेणार. वयाची अट नाही. वयाची अट नाही हे मी दोनदा वाचलं. असं म्हणणारी वर्षभरातली ती एकच. कंपनीचं कुणी येणार नव्हतं. प्रत्येकानं कॅमेऱ्यापुढं एक मिनिट आपली ओळख सांगायची, आणि इन्स्टिट्यूट ते व्हिडिओ संध्याकाळी पाठवून देणार. कपडे फॉर्मल. कोट पाहिजेच. मे महिन्यात हिंगोलीत कोट घालणं म्हणजे हळद शिजवायच्या कढईत उतरणं. पण नोकरी आहे म्हटल्यावर मी कढईतही उतरलो असतो, झाकण आतून ओढून घेतलं असतं.

इन्स्टिट्यूटचे मालक आमच्याच गावचे. मोठ्या घरचे. सगळे त्यांना सर म्हणतात, शिकवताना कुणी पाहिलेलं नाही. त्यांच्या शेतात माझा बाप सालानं राबला. मला दारात बघून ते उठले.

"ये, ये. तू तं आपलाच मानूस."

आणि पाण्याची बाटली दिली. सीलबंद. पोरंपोरी कोपऱ्यातल्या माठातलं पाणी स्टीलच्या गडव्यानं पिऊन राहिली होती, आणि मला बाटली. काय मान, मी मनात म्हटलं. पुण्याचं पाणी अंगाला लागलेलं दिसतंय लोकांना.

मी सगळ्यांच्या आधी पोचलो होतो. सर म्हणाले, "तू शेवटी बस. सीनियर मानूस. तुला बघून लेकरं घाबरतील."

मी खूश. मोठा नट पहिल्या प्रवेशात येत नसतो, हे मला ठाऊक आहे.

कोट एकच होता. सरांच्या पोराच्या लग्नात शिवलेला. सरांचा पुतण्या कॅमेऱ्यामागं उभा राहायचा आणि नाव पुकारायचा. एकाच्या पाठीवरून कोट उतरला की दुसऱ्याच्या पाठीवर. बारक्याला ढगळ झाला तर मागून कपडे वाळत घालायचे चिमटे. पोरींनाही तोच, बाह्या आत दुमडून. एक चांगला जाडजूड गडी तो घालून आला, उतरवला तेव्हा कोट काखेपासून खिशापर्यंत भिजलेला. पुढच्यानं नाक न मुरडता अंगात घातला. कुणी पावडर मारली, कुणी सेंट मारला. मी बाकावर बसून बघत होतो. म्हटलं, वा. पुस्तकात वाचली ती समता हीच असावी, फक्त वास जरा जास्त.

पोरं घाबरलेली. मी त्यांची रंगीत तालीम घेतली. सगळे कॅमेऱ्यापुढं 'मी मेहनती आहे' म्हणणार होते. मी सांगितलं, बाबांनो, बैलही मेहनती असतो, त्याला कुणी लॅपटॉप दिलाय का? तुम्ही काय केलं ते सांगा. डोंगरकडा गावची एक पोरगी नुसतीच थरथरत होती. तिच्याकडून मी चार वाक्यं पाठ करून घेतली, श्वास कुठं घ्यायचा तेही सांगितलं. तिचा व्हिडिओ झकास झाला.

"काका, तुमी बी फ्रेशर का?" जाड्यानं विचारलं.

"व्हय. आंघोळ करून आलोय."

सगळं दालन हसलं. सरही हसले.

माझं नाव आलं. मी कोट घातला. आमच्या घरात निळा कोट नवा नाही. भिंतीवर आहे, फ्रेममध्ये. बाप रोज सकाळी त्या फोटोपुढं हात जोडायचा आणि मगच मोठ्या घराच्या शेतावर जायचा. पण आमच्या कुणाच्या अंगावर कधी चढला नव्हता. माझ्या अंगावर तो बराबर बसला. बाह्या मनगटापर्यंत, खांदे खांद्यांवर. मी बोललो. एकदाही अडखळलो नाही. पुतण्या म्हणाला, "काका, एक नंबर." मी कोट काढला, खुर्चीच्या पाठीला अडकवला, खांदे सरळ केले. सवय.

तेवढ्यात इरफान आला. आखाडा बाळापूरचा पोरगा, शिलाईवाल्या घरातला. त्याची एसटी वाटेत बंद पडली होती. घामाघूम, हातात चपलेचा तुटलेला अंगठा. सर म्हणाले, "बस लवकर. तसाच बस, बिनकोटाचा."

"काहून सर? कोट तं तिथं हाय."

"त्याचं काम झालं."

"दोन मिनिटं घालतो की. सगळ्यांनीच घातला ना?"

"तुला कळत न्हाई. गप बस." मग पुतण्याकडं बघून, हळू: "ते उचल. पिशवीत टाक."

पुढचं तुम्हाला माहीत आहे. दोन बोटं. दोन गाठी. पँट.

जाड्याच्या घामानं कोट बाटला नाही. पावडरनं नाही, सेंटनं नाही. माझ्या कोरड्या पाठीनं बाटला.

माझा धंदाच चुका शोधायचा. लाखो ओळींत लपलेली चूक मी काढतो. आणि इथं ती सकाळपासून माझ्या हातात होती, सीलबंद, वर थंडगार. बाटली माठाला हात लागू नये म्हणून होती. शेवटचा नंबर कोटासाठी होता. मी त्याला मान समजून दिवसभर नवरदेवासारखा बसलो. लोकांना हसवत बसलो. ज्यांना हसवलं त्यांच्यातल्या किती जणांना आधीच माहीत होतं, कुणास ठाऊक.

मी विचारलं, "सर, मला शेवटी काहून ठेवलं?"

सर जवळ आले. फार जवळ नाही. आवाज मऊ केला.

"हे बघ, मी मानत न्हाई. माझं काय बी न्हाई. पन या लेकरांच्या घरचे इचारतेत. तू शिकलेला हाईस, समजून घे."

मी पिशवीकडं बघितलं. ते आणखी मऊ झाले.

"समद्यात चांगला व्हिडिओ तुझाच झाला. सांजच्याला जाईल. मीच पाठवनार हाय ना? कशाला सोताला तकलीफ करून घेतो?"

धमकी इतकी गोड असते हे मला पुण्यानं शिकवलं होतं. मला एवढंच म्हणायचं होतं, 'बरं सर.' दोन शब्द. माझ्या बापानं ते जन्मभर म्हटले. मीही म्हटले, मी ते इंग्रजीत म्हटले, टाय लावून म्हटले. ते म्हटले असते तर नोकरी जवळपास खिशात होती. बायको हसली असती. टाकीजवळच्या बायांना पेढे दिले असते.

मी पिशवी उचलली. गाठी हातानं सुटेनात, दातांनी सोडल्या. कोट बाहेर काढला, झटकला आणि पोरांपुढं धरला.

"कोनाचा व्हिडिओ नीट आला नसंल तं घाला परत. मघाशी घातलाच होता."

कुणी हललं नाही. जाडा पंख्याकडं बघत होता. डोंगरकड्याची पोरगी मोबाईल बघत होती. मोबाईलचा पडदा काळा होता, बंद. मी इरफानसमोर कोट धरला. त्यानं सरांकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं.

"काका, माफ करा. मला बी नोकरी पायजेल."

आणि तो बिनकोटाचाच खुर्चीत जाऊन बसला. आपली ओळख सांगायला लागला, 'मी मेहनती आहे.' त्याच्यावर राग नाही. राग धरायचा तर मला माझ्याच गेल्या अठरा वर्षांवर धरावा लागेल.

त्याचं झालं. मी पुतण्याला म्हणालो, "माझा व्हिडिओ काढून टाक."

"काका, येडे हा का? एक नंबर झालाय तो."

"काढ. माझ्यासमोर."

त्यानं सरांकडं पाहिलं. सरांनी खांदे उडवले. त्यानं काढून टाकला. सर जरा हलके झाले. प्रकरण मिटलं असं त्यांना वाटलं असणार. आमच्याकडं असंच मिटतं. आमच्यातला एक जण उठून घरी जातो.

मी कोट घातला. सगळी बटणं लावली. खुर्चीत बसलो, माझा स्वतःचा मोबाईल टेबलावर त्या पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. आवाज नाटकातला लावला, शेवटच्या बाकापर्यंत जाईल असा.

"नमस्कार. मी सॉफ्टवेअर टेस्टर. चुका शोधतो. आज हिंगोलीत एक सापडली, ती दाखवतो. हा कोट सकाळपासून इथल्या प्रत्येकानं घातला. मी घातल्यावर तो पिशवीत बांधला गेला. माझ्यानंतर आलेल्या पोराला घालू दिला नाही. हा व्हिडिओ मी स्वतः तुमच्या कंपनीला पाठवणार आहे. इथून उठून पोलीस ठाण्यात देणार आहे. ते लिहून घेईपर्यंत तिथून हलणार नाही. नोकरी द्या, नका देऊ. यापुढं मी जिथं जिथं अर्ज करीन तिथं माझी ओळख म्हणून हाच व्हिडिओ जाईल. ज्याला हा माणूस चालत नसेल त्यानं मला बोलावू नये. आणि 'बरं सर' हे दोन शब्द माझ्याकडून आता कुणाला मिळणार नाहीत."

मोबाईल चालूच ठेवून हातात घेतला. मी उठलो तो कोट अंगावर ठेवूनच. सर दारात आडवे आले, आणि हात पुढं करता करता मध्येच थांबले. मला अडवायचं तर मला धरावं लागणार होतं. हात तसाच हवेत. पोरं बघत होती. मोबाईल बघत होता. आणि काही मानत नसलेल्या त्या माणसाच्या तोंडून ते निसटलं:

"अरे, पोराच्या लग्नातला कोट हाय तो. आता घरात कसा नेऊ मी?"