दहापैकी चार

कॉलेजच्या फलकावर मुलांच्या गुणांखाली मास्तरांचेही गुण लागलेले मी फक्त कळंबला पाहिले. आमचे गणिताचे सर प्रकल्प नेमून द्यायचे आणि तो तपासण्याआधी प्रत्येक गटाकडून आपल्या नियोजनाला दहापैकी गुण मागायचे, तेही कारणासकट. "तुमचं मी तपासतो, माझं कोण तपासणार?" हा त्यांचा सवाल. त्यामुळं त्यांचं नावच 'दहापैकी सर' पडलं होतं.

त्यांना सगळंच दहापैकी लागायचं. कँटीनचा चहा घेतला की म्हणायचे, "पाच. उसाच्या मुलखात चहा इतका फिका व्हय?" त्यांचे प्रकल्पही पुस्तकातले नसत. एसटी स्टँड, बाजार, रेशन दुकान, जिथं माणसं ताटकळतात तिथं जा आणि त्याचं गणित मांडा, असा हुकूम. आमच्या तिघांच्या गटाला, म्हणजे मी, शाहीन आणि दत्ता, साखर कारखान्यासमोरची ट्रॅक्टरची रांग मिळाली. मागं उभ्या असलेल्या ट्रॅक्टरचा नंबर कधी लागेल, हे आधीच सांगणारं गणित बसवायचं होतं.

गणित बसलं, पण प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेच्या आठवड्यात दत्ताच्या वडिलांचा पाय मोडला. हंगाम ऐन भरात, ट्रॅक्टर त्याच्याच गळ्यात पडला. सरांचा नियम कडक: एक जण गैरहजर, तर सगळा गट नापास. वर्ष जाणार या विचारानं मी आधी रडले आणि मग भडकले. सरांच्या नियोजनाला गुण द्यायच्या कागदावर सगळे गट भीतीनं दहा लिहीत, तिथं मी चार लिहिले. कारण दिलं, 'शेतकऱ्यांच्या मुलांची परीक्षा ऊसतोडीत ठेवली.' शाहीन माझा हात धरून म्हणाली, "अगं, आपले गुण अजून त्यांच्याच हातात हायेत!"

सरांनी वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "दत्ता कुठंय आत्ता?"

"रांगेत, सर."

"मग चला की!"

त्यांच्या स्कूटरमागं आमची स्कूटी. सरांना बघून दत्तानं ट्रॅक्टरवरून खाली उडीच मारली. सरांनी तिथंच चाकाला टेकून परीक्षा सुरू केली. "सांग, तुझा नंबर कधी?" दत्तानं गणित करून सांगितलं, "दोनला, सर." सर ऊस सोलत बसले. दोन वाजले, चार वाजले, रांग काही हलेना. आत ऊस टाकायची गव्हाण बंद पडली होती. दिवस कलला तेव्हा कुठं ट्रॉली वजनकाट्यावर गेली.

"कुठं चुकलं?" सरांनी विचारलं.

"गव्हाण कधी बंदच पडत न्हाय, असं धरलं हुतं आमी."

"हे कळलं ना, बास. सात! तीन गव्हाणीनं खाल्ले."

दुसऱ्या दिवशी फलकावर आमचे सात आणि खाली सरांचे चार. पुढच्या वर्षीपासून प्रकल्प हंगाम संपल्यावर होऊ लागले. निवृत्तीच्या समारंभात सगळ्यांनी स्तुती केल्यावर सर उठून म्हणाले, "इतकी वर्षं पोरांनी दहा-दहा दिले, त्यातनं मी काय शिकणार? एका पोरीनं चार दिले, तेवढेच कामी आले." मी मागच्या रांगेत बसून डोळे पुसत होते. सर किती आवडायचे, ते त्यांना सांगायचं राहूनच गेलं.

सर आता नाहीत. मी परंड्याला गणित शिकवते आणि प्रकल्पाच्या वेळी मुलांपुढं तोच कागद ठेवते. खरं लिहा, म्हणून दहादा बजावते. तरी सगळे पैकीच्या पैकी देतात. तो गठ्ठा घेऊन घरी येताना मला सरांच्या त्या चाराचा हेवा वाटतो.