खिशातलं लोखंड

पन्नाशी उलटली की माणसाला चष्मा लागतो, गुडघ्याला तेल लागतं, कुणाला तपकीर लागते. जळगावच्या एका सरकारी कचेरीत कालव्यांचे नकाशे काढणाऱ्या अभिमन पाटलांना एक्कावन्नाव्या वर्षी गिटार लागली. मुलगा नोकरीसाठी पुण्याला, मुलगी लग्न होऊन चाळीसगावला. घरात उरले ते स्वतः आणि बायको मंजुळाबाई. लोकांना वाटलं, रिकामा वेळ खायला उठतो म्हणून हा खटाटोप. लोकांना काय, काहीही वाटतं.

खरं कारण दोंडाईच्याजवळच्या त्यांच्या गावात होतं. दरवर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळी भाऊबंदकी गावी जमायची. लेकी माहेरी येऊन निंबाला झोके बांधत, झोक्यावरची गाणी म्हणत, आणि पुरुषमंडळी जेवून ओट्यावर पत्ते कुटत बसत. खानदेशात आखाजीचे पत्ते हा धर्मच आहे. त्यात अभिमनरावांचा थोरला चुलतभाऊ झुलाल म्हणजे मोठा बोलघेवडा. त्याने विहिरीत पडलेल्या शेळीची गोष्ट दहाव्यांदा सांगितली तरी माणसं पोट धरून हसत. अभिमनरावांनी तोंड उघडलं, की कुणीतरी मध्येच विचारायचं, "काय म्हनतस तुन्या रेघोट्या?" तीस वर्षं ते नकाशे काढत होते आणि तीस वर्षं गावाच्या लेखी त्या रेघोट्याच होत्या. त्यांचं बोलणं अर्ध्यावर राहायचं. अर्ध्यावर राहिलं हेही कुणाच्या लक्षात यायचं नाही. एकदा, फक्त एकदा, ह्या सगळ्यांनी हातातले पत्ते खाली ठेवून आपल्याकडे कान द्यावेत, एवढी एकच हाव त्या सज्जन माणसाला होती. गिटार त्यासाठी होती.

गिटार दिली मोतीलाल मास्तरांनी. त्यांचं स्टेशनजवळ रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि तरुणपणी ते ऑर्केस्ट्रात वाजवत. ही छातीशी धरायची गिटार नव्हे, मांडीवर आडवी ठेवायची हवाईयन गिटार. उजव्या हाताने तारा छेडायच्या आणि डाव्या हातातला पोलादी बार तारांवरून सरकवायचा. बार जिकडे सरकेल तिकडे सूर जातो. बार तसा बोटाएवढाच, पण चांगला जड. मंजुळाबाई त्याला 'लोखंड' म्हणायच्या. मास्तर दर रविवारी सकाळी शिकवायला घरी येत, आणि मंजुळाबाई चहा ठेवता ठेवता आतून ऐकत.

अभिमनराव शिकू लागले ते नकाशा काढावा तसे. ट्रेसिंग कागदाची एक पट्टी घेऊन त्यांनी तिच्यावर काळ्या शाईने सा, रे, ग, म लिहिलं, प्रत्येक सुराखाली सुरेख बारीक रेघ ओढली आणि पट्टी तारांच्या खाली चिकटवली. मग बार बरोबर रेघेवर आला की तार छेडायची, बार उचलायचा, पुढच्या रेघेवर ठेवायचा. चुकायचं काही नाही. पण वाजायचं ते असं, जणू कुणी बाराखडी वाचून दाखवतंय.

"आबा, बार उचलू नका, सरकवा," मास्तर कळवळून म्हणत. "गाणं त्या मधल्या जागेत असतं."

"मधल्या जागेत रेघ कुठे आहे?" अभिमनराव विचारत. यावर मास्तर चहा पीत.

तरी माणूस चिकट. वर्षभर रोज संध्याकाळी कागदाकडे डोळे लावून त्यांनी सिनेमातलं एक जुनं गाणं बसवलं. झुलालला पत्र टाकलं, यंदा आखाजीला गिटार घेऊन येतो, वाजवून दाखवतो. हे अठ्ठ्याऐंशी सालच्या उन्हाळ्यातलं. होळी नुकतीच झाली होती.

आणि एका दुपारी कचेरीतली वीज गेली म्हणून ते लवकर घरी आले. फाटकाशीच थांबले. आत गिटार वाजत होती. मोतीलाल मास्तर आज कसे काय आले, असं म्हणत त्यांनी तिथूनच खिडकीतून आत पाहिलं. मंजुळाबाई जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या, निवडायच्या तुरीच्या डाळीचं सूप बाजूला सारलेलं आणि मांडीवर सुपासारखीच गिटार. डोळे मिटलेले. बार हलके हलके सरकत होता आणि तारांतून आखाजीचं झोक्यावरचं गाणं येत होतं. सासरहून निघालेल्या लेकीचं, मोठ्या हेलाव्याचं, लहानपणी अभिमनरावांनी आईच्या तोंडून ऐकलेलं. कागदाच्या पट्टीकडे बाई ढुंकूनही बघत नव्हती. वाचता तरी कुठे येत होतं तिला!

चांगल्या नवऱ्याने अशा वेळी काय करावं? धावत आत जावं, कौतुक करावं. अभिमनराव चांगलेच नवरे होते. बायकोवर त्यांनी कधी आवाज चढवला नव्हता, पगार तिच्या हातात ठेवत. पण त्या क्षणी ते फाटकाला धरून बाहेरच उभे राहिले. वर्षभर घाम गाळला मी, आणि ही डाळ निवडता निवडता वाजवते! त्यांना सरळ सरळ तिचा मत्सर वाटला. परक्याचा वाटतो तसा नव्हे. परक्याच्या घरी जाऊन तरी आपण झोपत नाही.

त्यांनी मुद्दाम मोठ्याने फाटक वाजवलं. आत सूर थांबला. दार उघडेपर्यंत गिटार कोपऱ्यात आणि सूप मांडीवर होतं.

"काय करत होतीस?"

"डाय निवडत व्हतू," मंजुळाबाई म्हणाल्या. पण चेहरा नुसता उजळलेला. तो त्यांना अधिकच झोंबला.

दुसऱ्या दिवसापासून बार त्यांच्याबरोबर कचेरीत जाऊ लागला. शर्टाच्या वरच्या खिशात, पेनांच्या शेजारी. गिटारला कुलूप लावता आलं असतं, पण कुलूप दिसतं. खिसा दिसत नाही. असं त्यांना वाटलं; पण त्या वजनाने त्यांचा शर्ट डाव्या बाजूला ओढला जायचा आणि कचेरीतला वना शिपाई विचारायचा, "साहेब, खिशात काय, वजनमाप घेऊन फिरता का?"

दोन-चार दिवसांनी मंजुळाबाईंनी सहज विचारल्यासारखं केलं, "ते लोखंड कोठे गयं?"

"मास्तरांनी नेलंय. घासून आणायला."

"मंग तुम्ही संध्याकाळले कशावर वाजाडतस?"

"दुसरं आहे," अभिमनराव म्हणाले आणि वर्तमानपत्र उघडलं. एक थाप मारली की तिला दुसरीचा टेकू द्यावा लागतो.

रविवारी मोतीलाल मास्तर आले. गिटार मांडीवर घेतली, हात पुढे केला. "द्या बार."

मंजुळाबाई चहाचा कप घेऊन समोरच उभ्या होत्या. अभिमनरावांनी दोन बोटं खिशात घातली आणि बार काढून मास्तरांच्या हातावर ठेवला. मंजुळाबाईंनी बाराकडे पाहिलं, मग ओढून ओढून वाकडा झालेल्या त्या खिशाकडे. कप खाली ठेवला आणि आत गेल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या दिवशी जेवणात वांग्याचं भरीतही नेहमीसारखंच झालं होतं.

पुढे दोन आठवडे घरात शांतता होती. अभिमनरावांना वाटलं, सुटलो. मग एका संध्याकाळी वाजवायला बसले, मध्येच नाक खाजलं म्हणून हात वर नेला, तर बोटांना लसणाचा वास. त्यांनी तारा हुंगल्या. तारांना लसणाचा वास! उठून स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर पितळी खलबत्ता होता, ज्यात मंजुळाबाई रोज लसूण-मिरची कुटत. त्यांनी बत्ता उचलून उजेडात धरला. एका बाजूने तो आरशासारखा गुळगुळीत झाला होता. ठेचून बत्ता झिजतो तो टोकाला. कुशीला झिजतो तो कशाने, हे कळायला नकाशे काढावे लागत नाहीत.

"काय दखतस?" मागून मंजुळाबाई म्हणाल्या.

"काही नाही. चांगला आहे बत्ता."

"मन्ही मायना शे." म्हणजे तिच्या आईचा.

बत्त्यावर का वाजवतेस म्हणून विचारावं, तर बार खिशात का असतो ते सांगावं लागेल. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. ते बाहेर येऊन त्याच वासाच्या तारांवर आपलं जुनं गाणं रेघेरेघेने वाजवत राहिले. आणि मनात एकच धरून बसले, आखाजीला गावासमोर मी वाजवणार. ही नाही.

आखाजीला दोघं सुरतकडे जाणाऱ्या पॅसेंजरने दोंडाईच्याला उतरले आणि बैलगाडीने गावी गेले. मंजुळाबाईंचं माहेरही त्याच गावातलं, दोन गल्ल्या पलीकडचं. दुपारी आमरस आणि खापरावरच्या पुरणपोळ्यांचं जेवण झालं. बायका निंबाखाली झोक्याकडे गेल्या. पुरुषांनी ओट्यावर गोधडी पसरली, पत्ते पिसले. अभिमनरावांनी खाटेवर बैठक मारली, गिटार मांडीवर घेतली, खिशातून बार काढून रुमालाने पुसला.

"वाजाड वाजाड, अभिमन," झुलाल पानं लावता लावता म्हणाला. "आम्ही आयकी राह्यनूत."

अभिमनरावांनी वाजवायला घेतलं. एकही सूर चुकला नाही. पहिलं कडवं संपलं तेव्हा झुलाल म्हणाला, "वाह!" आणि त्याच दमात, "हुकूम कोना शे?" दुसऱ्या कडव्याला दोघांचं भांडण जुंपलं, एक्का कुणी दाबला म्हणून. अभिमनराव मध्येच थांबले. मुद्दाम थांबले, बघू तरी. कुणीही मान वर केली नाही. गाणं अर्ध्यावर राहिलेलं कुणाला कळलंच नाही.

गिटार बाजूला ठेवून त्यांनी बार खिशात टाकला आणि पत्त्यांच्या कडेला जाऊन बसले. तेवढ्यात त्यांची धाकटी बहीण तानुबाई आली आणि गिटारकडे बोट दाखवून म्हणाली, "भाऊ, हाई पेटी लई जाऊ का? बठ्ठ्या बाया दखू म्हनतीस."

"ने," ते म्हणाले. आणि हात आपोआप खिशाकडे गेला. बार आपल्याकडे आहे. नेऊ दे, हात लावून बघतील आणि ठेवून देतील. आपलं झालं नाही, तिचंही होणार नाही. हे त्यांच्या मनात आलं आणि थोडं बरंही वाटलं. खोटं कशाला बोला.

थोडा वेळ गेला. मग निंबाकडून सूर आला.

आधी एका म्हाताऱ्याने मान वर केली. मग झुलालच्या हातातलं पान हातातच राहिलं. झोका पुढे जाई तसा सूर चढे, मागे येई तसा उतरे, आणि बायकांनी गाणं उचललं ते त्या सुराच्या पाठीपाठी. झुलालने पत्ते उपडे ठेवले. गोधडीवरच्या सगळ्यांनीच ठेवले. तीस वर्षं अभिमनरावांनी ह्याचीच वाट पाहिली होती.

"कोन वाजाडी राह्यनं रे?" झुलाल उठला. त्याच्यामागे सगळे उठले.

अभिमनराव मागे एकटे राहिले. अंगाची लाही होत होती. पण वर्षभर सुरांशी झटापट करून कान तरी तयार झाला होता. त्यांना ऐकू आलं, लांबवलेल्या सुराला तार किंचित खडखडते. बत्ता एकाच कुशीने गुळगुळीत, जरा फिरला की तारेवर नीट बसत नाही. पोलादी बार असता तर तो सूर घागरीतल्या पाण्यासारखा स्थिर राहिला असता. साऱ्या गावात हे एकट्या त्यांनाच कळत होतं, आणि बार त्यांच्याच खिशात होता.

ते निंबाखाली गेले. मंजुळाबाई गोणपाटावर बसल्या होत्या, पदर खोचलेला, हातात पितळी बत्ता. घरचाच. म्हणजे जळगावहून निघतानाच पिशवीत टाकलेला. आपला नवरा बार देणार नाही, हे धरूनच ही बाई गावी आली होती. ते त्यांना मत्सरापेक्षाही जास्त लागलं. माणसं बघत होती. अभिमनरावांनी बार काढला, शर्टाला पुसला आणि वाकून तिच्या गुडघ्याशी ठेवला.

मंजुळाबाईंनी कडवं पुरं केलं. मग बाराकडे पाहिलं. राग नव्हता चेहऱ्यावर. मीठ पुरे म्हणावं, तशा म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. मना हात आते यावरच बसी गया."

आणि गोणपाटावरचा बार उचलून त्यांच्या हातात परत दिला.

"अभिमन," झुलाल मागून म्हणाला, "तूच शिकाडं का रे हिले?"

सगळी भाऊबंदकी त्यांच्याकडे वळली. झोका थांबला होता. एकही माणूस बोलत नव्हता. सगळे अभिमनरावांचं उत्तर ऐकायला उभे होते.

"नही," ते म्हणाले. "मी तर हाई लोखंड…"

पुढचं वाक्य त्यांच्या ओठांवर तयार होतं. आयुष्यात पहिल्यांदाच ते खरंही होतं आणि सांगण्यासारखंही. पण तेवढ्यात तानुबाईने झोक्याला धक्का दिला, मंजुळाबाईंनी बत्ता तारांवर टेकवला आणि सगळी तोंडं तिकडे फिरली.

अभिमनरावांनी बार परत खिशात टाकला आणि ऐकत उभे राहिले.